कप्तानचे केस

२४ ऑगस्ट, रविवार

हिचा उजवा हात मोडला. काल डोंगरावर पथकाचा सराव होता, दोरावरून उतरताना घसरली आणि सगळा भार मनगटावर आला. कोपरापर्यंत प्लास्टर. सहा आठवडे.

पण मी वही उघडली ती यासाठी नाही. कारण दुसरंच आहे आणि ते सांगायची मला जरा लाज वाटते. दिवसभर लोक माझ्या खुर्चीत बसून आपापली दुखणी सांगतात आणि मी मागे उभा राहून 'हं, हं' करतो. माझं सांगायला मी कुणाच्या खुर्चीत बसू? म्हणून ही गेल्या वर्षीची कोरी राहिलेली डायरी. दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं, तेव्हा लिहीन आणि कात्र्यांच्या खणात ठेवीन. त्याची किल्ली माझ्याकडेच असते.

तर कारण असं. काल दवाखान्यातून आल्यावर ही पलंगावर टेकली, चेहरा पांढराफटक, आणि पहिलं वाक्य काय बोलली? "अहो, आता कप्तानच्या केसांचं कसं होणार?"

कप्तान म्हणजे हिचा कुत्रा. खरं तर बचाव पथकाचा, पण राहतो आमच्याकडे. डोंगरात हरवलेली, बर्फाखाली अडकलेली माणसं वासावरून हुडकून काढतो. पाच वर्षांचा आहे. वजन माझ्या निम्म्याहून जास्त आणि अंगावर एवढे केस, की बसला तर पाय कुठे आहेत ते शोधावं लागतं. रोज संध्याकाळी पाऊण तास ही त्याला विंचरते. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. उभं राहून राहून माझ्या कमरेचे तुकडे पडतात, पण पाऊण तास सोडाच, पाच मिनिटं कुणी... जाऊ दे.

"तुम्हीच करा ना," म्हणाली. "केसांतलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

हो म्हणालो. मोडक्या हाताच्या बाईला नाही कसं म्हणणार?

२५ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. मागच्या अंगणात फरशीवर कप्तानसाहेब उभे, दारात खुर्ची टाकून ही, आणि मी गुडघ्यांवर. हत्यारं तीन : तारांचा ब्रश, लांब दातांचं हातात मावेल असं दाताळं आणि पोलादी कंगवा.

मी पाठीवरून ब्रश फिरवायला सुरुवात केली तर लगेच, "वरवर नको! एका हाताने केस उचला. खालची कातडी दिसली पाहिजे. तिथपासून थोडे थोडे खाली सोडत विंचरा."

"अगं, तीस वर्षं हेच करतोय मी."

"माणसांच्या डोक्यावर लोकर नसते."

मग मला धडा मिळाला. याच्या अंगावर म्हणे दोन थर आहेत. वरचे राठ केस पाणी आणि बर्फ अडवतात, आतली मऊ लोकर ऊब धरते. उन्हाळ्यात ऊनही तेच अडवतात. वरून कुत्रा चकाचक दिसतो आणि आत गुंता होऊन बसलेला असतो. कानांमागे, बगलेत, मांड्यांना आणि अंगपट्टा घासतो त्या छातीवर रोज बोट घालून बघायचं. भिजला तर कातडीपर्यंत कोरडा करायचा, नाहीतर आत ओल राहून जखम होते. पंजांच्या बोटांमधले केस तेवढे कापायचे, कारण तिथे बर्फाचे गोळे धरतात. बाकी कात्री लावायची नाही.

हे सगळं सांगताना हिचा आवाज कसा मऊ झाला होता! आणि तो कुत्रा! मी त्याच्या मांडीतला गुंता सोडवतोय, बोटांना कळ लागलीय, आणि हा मान वळवून हिच्याकडे बघत शेपूट हलवतोय. काम माझं, आभार हिला.

उशीचा एक अभ्रा भरेल एवढी लोकर निघाली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल पथकाचा प्रमुख आला होता. हिला बघायला. नासपतींची पिशवी घेऊन.

या माणसाबद्दल माझं मत आधीपासून चांगलं नाही. चाळिशी उलटलेला, सडसडीत, दाढी राखलेला. ती दाढी इतकी नीटस आहे की कुणीतरी जाणकार करतो हे उघड आहे, आणि तो जाणकार मी नाही. गावात दुकान एकच, माझं. म्हणजे हा दाढी करायला बाहेरगावी जातो.

मी कप्तानला विंचरत होतो. प्रमुख दोन मिनिटं बघत राहिला, मग "बघू" म्हणून माझ्या हातातून ब्रश घेतला. माझ्या हातातून! तीस वर्षांत माझ्या हातातलं हत्यार कुणी काढून घेतलेलं नाही. त्याने नुसती चुटकी वाजवली आणि कप्तान धपकन आडवा झाला, चारी पाय वर. "पोटाकडून सुरुवात करा, मग तो उभा राहायला कंटाळत नाही," म्हणाला. चार दिवस मी उभ्या कुत्र्याभोवती गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालतोय आणि हिने मला हे सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "तुमच्याकडे तो आडवा होत नाही ना, म्हणून नाही सांगितलं."

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. ही मला अहो म्हणते. त्याला तू म्हणते. "तू चहा घेणार का? तू परवा वर गेला होतास का?" पथकात सगळे एकमेकांना तसंच म्हणतात, ठाऊक आहे मला. तरी लिहून ठेवतो.

२ सप्टेंबर, मंगळवार

निवृत्त पोस्टमास्तर आज दाढीला आले. डोक्यावर केस मोजून नऊ, पण दर मंगळवारी येणार. माझ्या बाहीवरची लोकर चिमटीत धरून म्हणाले, "काय हो, कुणा म्हाताऱ्याला पूर्ण सोललंत की काय?"

मी हसलो आणि सांगितलं. तर म्हणाले, "बरं आहे. घरात एक गिऱ्हाईक असं, की नुसती सेवा घेतं आणि वर मालकिणीकडून शाबासकी."

त्यांच्या गालाला साबण जरा जोरात चोळला गेला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

प्रमुख आता रोज सकाळी सातला येतो. हिला पळवत नाही म्हणून कप्तानला डोंगराच्या पायथ्यापर्यंत पळवून आणतो. आठला परत, मग चहा. स्वयंपाकघरात दोघं बोलत बसतात. वारा, उतार, कोणत्या बाजूला दगड सुटलेत, मागच्या हिवाळ्यात कप्तानने कोणाचा मोजा कसा हुडकला. मी तिथे उभा असतो. मला त्यातलं काही कळत नाही, आणि मी काही बोललो तर दोघंही फार सभ्यपणे माझ्याकडे वळतात आणि ऐकून घेतात. हे फार लागतं.

आज हिने निळा स्वेटर घातला होता. प्लास्टरवरून बाही चढत नाही, तर बाही उसवून घातला. सकाळी सातला.

आणि बोटं. प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटं सारखी हलवून बघत असते. अंगठ्याला तर दुसऱ्या हाताने चिमटे काढून बघते. जणू कुणाला खुणावतेय. कप डाव्या हाताने धरते आणि उजवा टेबलाखाली. काय लपवतेय देव जाणे.

कप्तान हल्ली दुपारी दुकानात येऊन पडतो. सावली म्हणून येत असणार. माझ्या पायावर डोकं ठेवून झोपतो. डोकं म्हणजे पाटा आहे, पाय बधिर होतो. उठवला तर उसासे टाकतो म्हणून उठवत नाही. नसती कटकट.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज कान उघडे होते म्हणून ऐकू आलं. अंगणात पाण्याची बादली भरत होतो, स्वयंपाकघराची खिडकी उघडी.

तो : "त्यांना सांगितलंस का?"

ही : "नाही. शनिवारी फोटो निघू दे, मग सांगते."

तो : "माझं घर मोठं आहे. दोघांनाही सवय होईल हळूहळू."

मग ही रडत होती. सत्तावीस वर्षांत मी हिला चार वेळा रडताना पाहिलंय, आणि चारही वेळा मी समोर होतो.

कसला फोटो? कुणाचं घर? दोघांना म्हणजे कुणा दोघांना?

बादली भरून वाहायला लागली तरी नळ चालूच.

११ सप्टेंबर, गुरुवार

उकाडा मरणाचा. सप्टेंबरात असा उकाडा बघितला नव्हता. प्रमुखाने कप्तानला ओढ्यात पोहवून आणला, ठिबकत. दारातूनच हिला काहीतरी म्हणाला आणि ही हसली. मनापासून हसली. ते हसू माझ्या ओळखीचं आहे. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातलं आहे. मला वाटलं होतं ते संपलं.

"नीट पुसा हं, कातडीपर्यंत," ही म्हणाली.

पुसला. वरून कोरडा दिसत होता.

१३ सप्टेंबर, शनिवार

कप्तानला उकाडा सहन होत नव्हता. छातीला आणि बगलेत गुंते झाले होते, सुटणारे नव्हते. म्हणून केस कमी केले.

ही बोलत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

कालचं नीट लिहितो. इथे खोटं लिहून कुणाला फसवणार?

काल हिची तपासणी होती, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. मी म्हटलं, दुकान बंद ठेवतो. ही म्हणाली, "शनिवार आहे, तुमची गर्दीची वेळ. प्रमुख गाडीने नेतोय." निळा स्वेटर. गाडीत बसताना त्याने हिच्यासाठी दार उघडलं, पट्टा लावून दिला. हात मोडलाय, पट्टा कोण लावणार, सगळं खरं. मी दुकानाच्या दारात कापड झटकत उभा.

अकरापर्यंत सात डोकी केली. एकाचा कान कापायचा थोडक्यात वाचला. मग पाटी उलटी केली आणि घरी आलो. कप्तान अंगणात जीभ काढून पडला होता. गुरुवारी वरवर पुसला होता, त्यामुळे छातीवर आणि बगलेत लोकर ओलसर राहून जटा झाल्या होत्या. एका ठिकाणी कातडी लाल. माझी चूक होती. तासभर बसलो असतो तर बोटांनी सुटल्या असत्या. न सुटणारी एखादी तेवढी कापली असती. हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याला दुकानात घेऊन गेलो. तो आनंदाने आला. मशीन लावलं.

पहिल्यांदा फक्त बगल. मग छाती. मग म्हटलं, आता एक बाजू अशी आणि एक तशी बरी दिसत नाही. हे मी मोठ्याने म्हणालो, दुकानात कुणी नसताना. मग पाठीवर मशीन घातलं. ती लोकर! दर दोन मिनिटांनी पाती गच्च भरायची, साफ करायची, तेल घालायचं. मधे थांबायला पन्नास संधी होत्या. कप्तान एकदाही हलला नाही. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर हनुवटी टेकून उभा राहिला आणि दर वेळी मशीन बंद झालं की माझ्याकडे बघायचा, झालं का म्हणून. मला शेजारून हिचा तो मऊ आवाज ऐकू येत होता, आणि मी प्रत्येक पट्ट्याला मनात म्हणत होतो, घे, आता विंचर. घे, आता विंचर.

काम उत्तम झालं. एक ओरखडा नाही. लाल झालेल्या कातडीला औषध लावलं. मग मागे सरून बघितलं, तर एवढासा कुत्रा. गुलाबी कातडी, बरगड्या, बारीक पाय. आरशात त्याने स्वतःला बघितलं नाही, पण मी दोघांना बघितलं.

चारला ती दोघं आली. ही दारातच थांबली. ओरडली नाही. फरशीवर बसली आणि डावा हात त्याच्या पाठीवरून नुसता फिरवत राहिली, केस असल्यासारखा, हवेतून.

प्रमुख माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा हिवाळा गेला."

"उकाडा होता," मी म्हणालो.

१५ सप्टेंबर, सोमवार

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणला. त्या माझ्या तोंडावर सरळ बोलल्या, ते बरं केलं. आतली लोकर आधी येते, वरचे राठ केस मागाहून, वर्ष लागेल, दोनही लागतील. पूर्वीसारखे येतीलच असं नाही. उन्हात सोडायचा नाही, कातडी भाजेल. बर्फावर तर अजिबात नाही. तासाभरात गारठेल. मऊ ब्रशने रोज कातडी हलकी चोळा, रक्त फिरतं राहील.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही तर केसांतले माहीतगार ना?"

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ही आता बोलते, पण गिऱ्हाइकासारखी. मीठ द्या. दार लावा.

आज कळलं, तेही तिच्याकडून नाही. दवाखान्यातून फोन आला तो मी घेतला. शनिवारचा फोटो म्हणजे मनगटाचा. हाड सरकून जुळलंय, अंगठ्याची नस दबलीय, त्याला संवेदना नाही. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. ऑपरेशन झालं तरी दोर धरता येईल की नाही सांगता येत नाही.

फोन ठेवून मी तिथेच उभा राहिलो. टेबलाखालचा हात. चिमटे. मला केवढं मोठं काहीतरी वाटलं होतं.

संध्याकाळी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कप्तानवर चिडलेले असता. त्यात हे सांगितलं असतं तर म्हणाला असतात, बरं झालं, सुटलीस." मग म्हणाली, "या हिवाळ्यात मला वर जाता येणार नाही, म्हणून कप्तानने प्रमुखाकडे राहून काम करायचं ठरत होतं. मला ते सहन होत नव्हतं. तरी हो म्हणाले होते मी. आता तो प्रश्नच उरला नाही."

कप्तान इथेच राहणार. मला एक क्षण बरं वाटलं की ही आणि प्रमुख यांच्यात आता रोज सकाळी सातला काही नाही. मी काय माणूस आहे हे इथे लिहून ठेवतो.

५ ऑक्टोबर, रविवार

ऑपरेशन झालं. मी दुकान बंद ठेवलं, आठ दिवस. हिची वेणी मी घालतो. परवा म्हणाली, "ओढताय." आज काही म्हणाली नाही.

कप्तानला रोज मऊ ब्रश. मखमलीसारखं काहीतरी उगवतंय, राखाडी. आता मी बसलो की तो आपण होऊन आडवा होतो, पोट वर. ही खिडकीतून बघते.

१६ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी सकाळपासून बर्फ. या वर्षी लवकर आणि एकदम. खिंडीजवळच्या खांबावर तारा दुरुस्त करायला गेलेला वायरमन परत आला नाही. तो माझं गिऱ्हाईक. दर दुसऱ्या शनिवारी येतो, मानेवर केस राहिलेले त्याला चालत नाहीत.

दीड वाजता पथकाची शिट्टी झाली. कप्तान माझ्या पायावरून ताडकन उठला, घराकडे पळत गेला, खिळ्यावरचा अंगपट्टा दातांनी ओढून खाली पाडला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. बोटभर केस अंगावर. थरथरत होता, थंडीने नाही. ही दाराला पाठ लावून उभी राहिली. उजव्या हाताला पट्ट्या. "नाही, बाळा. नाही." तो भुंकत नाही कधी. त्या दिवशी भुंकला. प्रमुख बाहेरून गेला, खिडकीशी क्षणभर थांबला, आत बघितलं आणि निघून गेला. पाच माणसं, काठ्या टोचत टोचत.

पलीकडच्या खोऱ्यातला कुत्रा मागवला. रस्ता बंद, तो शनिवारी उजाडल्यावर पोचला आणि पोचल्यावर पाऊण तासात त्याने वायरमन काढला. एका कड्याखाली, आमच्या घरापासून सरळ बघितलं तर दोन मैल. जिवंत आहे. उजव्या पायाची चार बोटं कापावी लागणार म्हणतात.

शनिवारी दुपारी पोस्टमास्तर नुसते गप्पा मारायला आले. "कप्तान असता तर शुक्रवारी संध्याकाळी घरी जेवला असता तो," म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं आणि टोपी घालून निघून गेले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल पथकाच्या शेडमध्ये गेलो. प्रमुख दोर वाळत घालत होता.

मी म्हणालो, "ते उकाड्यामुळे नव्हतं."

"माहीत आहे. तीस वर्षं केस कापणाऱ्या माणसाकडून चुकून एवढे कापले जात नाहीत."

"मला वाटलं होतं की तुम्ही आणि ही..."

त्याने दोर खाली ठेवला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर सोपं झालं असतं. म्हणाला, "हात मोडला त्याच दिवशी मी म्हटलं होतं, कप्तानला सहा आठवडे माझ्याकडे ठेव. ती म्हणाली, घरात माझा माणूस आहे, त्याच्या हाताला केस कळतात. शिवाय म्हणाली, त्यांची आणि कप्तानची जरा गट्टी होऊ दे, मी दोघांच्या मधे उभी राहून दमले."

मला तिथे बसायला काही नव्हतं.

"मला सांगितलंत, ठीक आहे," तो म्हणाला. "वायरमनला काय सांगणार?"

आज दवाखान्यात गेलो, दाढीचं सामान घेऊन. वायरमनला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "दाढी करायला आलात ना? करा." केली. निघताना म्हणाला, "परवा या." बाकी काही नाही. मी जात राहीन.

घरी येऊन हिला सरळ विचारलं. विचारायचं नव्हतं तरी विचारलं. "तुला तो आवडतो का?"

"आवडतो," ही म्हणाली. भाजी चिरत होती, डाव्या हाताने, वाकडीतिकडी. "तुम्हाला वाटतं तसा नाही. पण आवडतो. मी वरून आले की तो विचारतो, वारा कसा होता. तुम्ही दिवसभर लोकांशी बोलून येता आणि घरी आलात की तुमच्याकडचं बोलणं संपलेलं असतं. एकवीस वर्षं मी वर जातेय. तुम्ही एकदा तरी विचारलंत का, वर काय असतं?"

मग विचारलं, "काय असतं वर?"

"आता मुद्दाम विचारू नका."

तरी थोड्या वेळाने सांगायला लागली. जेवण थंड झालं.

८ मार्च, रविवार

बऱ्याच दिवसांनी वही. लिहिण्यासारखं थोडं आहे.

हिच्या अंगठ्यात जीव आलाय पण पकड नाही. दोर सुटला तो सुटलाच. पथकाने नवं पिल्लू आणलंय, ही त्याला शिकवायला आठवड्यातून तीन दिवस प्रमुखाच्या घरी जाते. निळा स्वेटर घालून जाते. मला ते अजून खुपतं. कमी झालंय म्हणणार नाही, पण आल्यावर मी विचारतो, पिल्लाने आज काय केलं, आणि ही सांगते. निम्मं मला कळतं.

कप्तानची आतली लोकर दाट आलीय. वरचे केस कुठे कुठे, पाठीवर विरळ, खांद्यावर जरा बरे. डॉक्टरीणबाई म्हणतात पुढच्या हिवाळ्यात बघू, खात्री देत नाही. तो आता दिवसभर दुकानात असतो. वायरमन काठी टेकत येतो तेव्हा उठून दारापर्यंत जातो, त्याचा पाय हुंगतो आणि मग माझ्याकडे बघतो. मला ते बघवत नाही.

आज दुपारी अंगणात त्याला विंचरत होतो. कातडीपासून, थोडे थोडे सोडत. तो आडवा, डोळे मिटलेले, एक पंजा माझ्या मनगटावर. ही प्रमुखाकडून आली, फाटकातूनच हाक मारली, "कप्तान!" त्याने शेपूट दोनदा फरशीवर आपटलं आणि डोळे उघडले नाहीत. हिने पुन्हा हाक मारली. मग जवळ येऊन उभी राहिली.

"माझ्याकडे बघतसुद्धा नाही हल्ली," म्हणाली. हसतच म्हणाली. "तुम्ही काय असं वेगळं करता त्याला?"

तो आवाज मी कुठेही ओळखेन. सहा महिने मी त्याच आवाजात बोलत होतो.

पहिल्यांदा मला आनंद झाला. आत कुठेतरी अगदी उकळी फुटल्यासारखा. मग तिच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. बोटं नकळत ब्रश धरल्यासारखी वळली होती, अंगठा तेवढा बाहेर राहिला होता. ब्रश तिला द्यायला हवा होता. धरता आला नसता तर मी खालून आधार दिला असता. हे सगळं मला कळत होतं.

"एवढी मांडी राहिलीय," मी म्हणालो. "तेवढी होऊ दे."

ती गेली नाही. शेजारी फरशीवर बसली, माझ्या हाताकडे बघत राहिली आणि मग डाव्या हाताने कंगव्यात अडकलेली लोकर काढायला लागली. मी मांडी जरा सावकाश केली.